राइड कशी निवडायची? आवाज, उजेड, गरगर सहन न होणाऱ्या मुलाबद्दल

मेहरुणकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. आम्ही जळगावला असतो. मुलगा सात वर्षांचा, इथे त्याला छोटू म्हणते. चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलतो थोडं, समजतं सगळं. मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगावं लागतं, मग तो गॅलरीत जाऊन उभा राहतो. वरातीचा डीजे गल्लीच्या तोंडाशी आला की हा पलंगाखाली. नवा शर्ट आणला की आधी कॉलरचं लेबल उसवायचं. पण झोक्यावर तासन्‌तास बसतो, आणि रेल्वे म्हणजे जीव की प्राण. भुसावळला मामाकडे गेलो की पुलावर उभा राहून मालगाडीचे डबे मोजतो.

गेल्या वर्षी एका यात्रेत त्याला ड्रॅगन ट्रेनमध्ये बसवलं. सगळ्यांत लहान पाळणा, जमिनीपासून हातभर उंच, दोन-तीन वर्षांची लेकरं बसलेली. म्हटलं, ही चालेल. पहिल्याच वळणाला भोंगा वाजला, आणि तो भोंगा नेमका त्याच्या डब्याच्या मागे बांधलेला. त्याने दोन्ही हातांनी कान धरले, तर दांडा सुटला. दांडा सुटला तसा तो वळणावर कडेला आदळला. परत दांडा धरला, तर कान उघडे. शेवटपर्यंत हेच. मी "थांबवा, थांबवा" ओरडत होते, पण त्या भोंग्यात कोणाला ऐकू येणार?

खाली उतरवला तेव्हा तो रडत नव्हता, नुसता बघत होता. त्याचं मला जास्त लागलं. सासूबाईंनी त्याला पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माय, पोऱ्या घाबरी ग्या." घरी येऊन ओकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपला. बाजारात ज्या कोपऱ्यावर लाउडस्पीकर असतो तिथून पुढे दोन महिने त्याला नेता आलं नाही.

आता दत्तजयंतीला माहेरची मंडळी सारंगखेड्याच्या यात्रेला चालली आहेत. त्यानंतर कल्याणच्या जाऊबाई सगळ्या मुलांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं म्हणतात. "त्याला ठेव आजीजवळ, बाकीचे जाऊ," असंही सुचवून झालं. पण छोटू रोज मोबाइलवर पाळण्यांचे व्हिडिओ लावतो आणि बोट ठेवून म्हणतो, "इथे बस." त्याला जायचंय. कोणत्या राइडमध्ये बसवावं, कोणत्या टाळाव्यात, आणि ते आधी कळायचं कसं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पांझराकाठ | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ताई, तुमचा ड्रॅगन ट्रेनचा परिच्छेद बायकोला वाचून दाखवला. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

आमची मुलगी नऊ वर्षांची, धुळ्याला असतो. तिचं उलटं आहे. तिला गरगर लागतच नाही. ब्रेक डान्स या गरगर फिरणाऱ्या पाळण्यातून उतरते आणि परत रांगेत. लोक म्हणतात, काय धीट पोरगी! पण तिला "आता पुरे" हे आतून कळत नाही. एकवीरा देवीच्या यात्रेत आम्ही तिला लागोपाठ चार वेळा बसू दिलं. रात्री तिने स्वतःचा हात चावून घेतला आणि पहाटेपर्यंत जागी होती. म्हणजे मजा त्या वेळी, त्रास चार-पाच तासांनी. आता मीच मोजतो. दोन फेऱ्या, मध्ये अर्धा तास बसणं, पाणी, काहीतरी चावायला. केळीचे वेफर्स तिला फार लागू पडतात, त्या कुरकुरण्याने ती शांत होते.

तुमच्याकडे अति लागतं, आमच्याकडे लागतच नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे खरी निघाली. "लहान मुलांचा पाळणा म्हणजे सौम्य पाळणा" हे डोक्यातून काढून टाका. लहान पाळण्यांचे फेरे छोटे असतात, वळणं जवळजवळ येतात, आणि लेकरांना गंमत वाटावी म्हणून भोंगे, गाणी, लुकलुकणारे दिवे सगळे त्यांच्याच डोक्यावर लावलेले असतात.

झोका | ११ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांच्या हालचाली, संवेदना आणि रोजच्या कामांवर त्यांच्यासोबत काम करते. नेटवरून कोणत्याही मुलाबद्दल निर्णय देता येत नाही, तुमच्या थेरपिस्टना विचाराच. पण राइडकडे आम्ही कसं बघतो ते सांगते.

आपल्या आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं फिरलं की त्यांच्यातलं पाणी हलतं आणि "मी फिरतोय" हे मेंदूला कळतं. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्या सरळ रेषेतली हालचाल आणि वर-खाली जाणं ओळखतात. गोल फिरणं आणि पुढे-मागे जाणं या शरीरासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संथ, एकाच लयीत, पुढे-मागे होणारी हालचाल बहुतेक मुलांना निववते. छोटू झोक्यावर तासन्‌तास बसतो, त्यात ही सगळी गोष्ट आली. गोल फिरणं मात्र मेंदूला चेतवतं. त्यातही फिरता फिरता एकदम थांबणं, उलट फिरणं किंवा अंधारात फिरणं सगळ्यांत जड, कारण नळ्यांतलं पाणी थांबायला वेळ घेतं आणि डोळ्यांना आधार उरत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. मांडीवर पक्का बसणारा दांडा काही मुलांना मिठीसारखा वाटतो, ती उलट निवांत होतात. काहींना खांद्यावरून येणारा पट्टा अजिबात चालत नाही. छोटूला जड गोधडी आवडते का, की तो ती लाथेने उडवतो? त्यावरून अंदाज येईल.

अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९७२ च्या पुस्तकात हा विचार पद्धतशीर मांडला. पाच ज्ञानेंद्रियांइतकाच तोल आणि सांध्या-स्नायूंची जाणीव महत्त्वाची, असं तिचं म्हणणं. २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतही संवेदनांचं कमी-जास्त लागणं आलं आहे. कोणी "लाड आहेत" म्हणालं तर हे सांगा.

घरच्या घरी बघा. गोल फिरणाऱ्या खुर्चीत दोन हळू फेरे दिल्यावर काय होतं? एसटीच्या मागच्या सीटवर खड्डा आला की हसतो की आवळून धरतो? लिफ्ट खाली निघते त्या क्षणी चेहरा कसा होतो? पोटात गोळा येणं ज्याला लिफ्टमध्येच नको, त्याला वरून खाली पडणाऱ्या कुठल्याच राइडमध्ये बसवू नका.

आणि "नको" म्हणेपर्यंत थांबू नका. चेहरा पांढरा पडणं, जांभया, कपाळावर गार घाम, तोंडाला पाणी सुटणं ही शरीराची आधीची चिन्हं आहेत. जांभईला कंटाळा समजू नका.

जाता जाता, कारण असे पालकही हा धागा वाचतील: डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचे मानेचे वरचे सांधे सैल असतात. झटके देणाऱ्या राइडआधी डॉक्टरांना विचारा. फिट येणाऱ्या मुलांसाठी लुकलुकत्या दिव्यांबद्दलही.

अप्पा_यावल | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

मुलाला इतकं जपून कसं चालेल? माझा नातू पहिल्यांदा आकाशपाळण्यात बसला तेव्हा आकांत केला. आम्ही बसवलंच. तिसऱ्या वेळी हसत होता. भीती मोडावी लागते. ताईंनी रागावू नये, मी काळजीनेच लिहितोय. उद्या आपण नसल्यावर जग काही भोंगे बंद करणार नाही.

गप्पगप्प | ११ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अप्पा, मी चौतीस वर्षांचा आहे, चाळीसगावचा. मला ऑटिझम आहे हे तिसाव्या वर्षी कळलं. मलाही असंच बसवलं होतं. तिसऱ्या वेळी मीही शांत बसलो होतो. सगळे म्हणाले, बघा, मोडली भीती. भीती तशीच होती. ओरडून उपयोग नाही एवढं मला कळलं होतं, म्हणून ओरडणं थांबवलं. पुढे शाळेत दात दुखला, पाय मोडला, तरी मी सांगितलं नाही.

मोठा आवाज मला कसा लागतो ते सांगतो. भिजल्या हाताला विजेचा झटका बसल्यासारखा. त्याची सवय होत नाही. पण तो कधी येणार हे माहीत असेल तर मी तयारीत राहू शकतो. छोटू पुलावर उभा राहून मालगाडीचा हॉर्न सहन करतो ना? कारण गाडी लांबून येताना दिसते. ड्रॅगन ट्रेनचा भोंगा मागून आला. ताई, राइड निवडताना हे जरूर बघा: पुढे काय होणार ते त्याला आधी दिसतं का?

आणि बसायच्या आधी खूप वेळ बघू द्या. मी अजूनही आधी बघतो.

अप्पा_यावल | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

गप्पगप्प भाऊ, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. नातवाला आज फोन करून विचारणार आहे, तेव्हा तुला खरंच मजा आली होती का रे. उत्तर काही येवो.

यात्रेकरी_शहादा | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

माझे काका चाळीस वर्षं यात्रांमध्ये पाळणे लावतात. सारंगखेडा, अमळनेर, मुक्ताईनगर सगळीकडे. मीही शाळेच्या सुट्टीत तिकिटं फाडली आहेत. आतल्या बाजूचं लिहितो.

आकाशपाळणा भरताना एकेक पाळणी खाली येते, थांबते, माणसं बसतात, परत फिरवून थांबते. वजन दोन्ही बाजूंना सारखं पडावं म्हणून समोरासमोरच्या पाळण्या भरत जातात. जो पहिला बसला तो सगळी भरेपर्यंत वर लटकत राहतो. मोठ्यांनाही तिथेच भीती वाटते, कारण फिरणं नसतं, नुसतं डुलणं असतं. म्हणून आधी सांगा, "दादा, आम्हाला शेवटी बसवा." गर्दी नसेल तर कोणीही ऐकतं. उतरताना पहिलं सोडणं वजनाच्या हिशोबाने दर वेळी जमत नाही, पण सांगून ठेवलं तर प्रयत्न करतात.

भोंगा आणि गाणी एका बटणावर असतात. आधी येऊन कोणी विनंती केली तर काका आनंदाने बंद करतात. पण आधी. फेरी सुरू झाल्यावर खालून ओरडलेलं खरंच ऐकू येत नाही. म्हणून चालवणाऱ्याशी खूण ठरवा. दोन्ही हात वर म्हणजे थांबव. आणि ती खूण करणारा माणूस त्याच्या नजरेसमोर उभा पाहिजे, फोटो काढत पलीकडे नको.

जनरेटर कुठे आहे ते बघा. डिझेलचा वास आणि घरघर त्या बाजूला सतत असते, रांग तिकडून असेल तर मूल बसायच्या आधीच थकतं. वेळ म्हणाल तर दुपारी तीन ते पाच. दिवे लागले की गर्दी आणि आवाज दोन्ही वाढतात. मौत का कुआँपासून लांब राहा. आत गेला नाहीत तरी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली लाकडी फळ्यांवर फिरतात, तो आवाज चार तंबू पलीकडे जातो.

सारंगखेड्याला येणार असाल तर आधी घोडेबाजाराच्या बाजूने या. सकाळी तिकडे मोकळं असतं, तापीचा वारा असतो. कितीतरी मुलं घोडे बघूनच तृप्त होऊन जातात.

माय_नंदुरबार | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

+१. शेवटी बसवायचं कधी सुचलंच नव्हतं.

खिडकीची_जागा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आम्ही भुसावळहून खोपोलीला दोनदा गेलो. मुलगा दहा वर्षांचा, आवाज आणि अंधार दोन्ही लागतात. पहिल्या वेळी रात्रभराच्या गाडीने कल्याणला उतरलो आणि तसेच पार्कला. झोप अर्धवट, त्यामुळे तिकीट खिडकीवरच सगळं संपलं. दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी जाऊन मुक्काम केला, तोच मुलगा पाच तास छान राहिला. तुमचं कल्याणला घरच आहे, हे मोठं सुख.

प्रत्येक राइडचे समोरच्या सीटवरून काढलेले व्हिडिओ यूट्यूबवर मिळतात. आवाज चालू ठेवून बघा, नाहीतर अर्धी माहिती हातात येते. आम्ही गेलो तेव्हा 'डीप स्पेस' बंदिस्त जागेत, काळोखात धावत होती, ती आमच्यासाठी बाद. 'नायट्रो'त पायाखाली फळीच नसते, पाय लटकतात. ज्याला पाय टेकलेले हवेत त्याने मोठं झाल्यावरही विचार करावा. 'राजासॉरस'ची होडी शेवटी पाण्यात आपटते, कपडे ओले. ओलं कापड अंगाला चिकटलेलं ज्याला सहन होत नाही त्याच्यासाठी दुसरा जोड लगेच हाताशी हवा. पडद्यासमोर खुर्च्या हलवणारे खेळ बाहेरून साधे सिनेमे वाटतात, पण त्यांत खुर्ची धक्के देते, तोंडावर पाण्याचे तुषार येतात, एकदम धडाड होतं. आमच्याकडे सगळ्यांत वाईट अनुभव तिथलाच. मोकळ्या जागेतली, वेग दिसणारी, सरळ जाणारी गाडी मात्र त्याला फार आवडली.

कानांवरचे आवाज अडवणारे मफ घेतले असतील तर घरी पंधरा दिवस आधीपासून रोज थोडा वेळ लावायची सवय करा. वेगाच्या राइडवर ते काढून ठेवायला लावतात, सुटी वस्तू उडते म्हणून. त्यामुळे "मफ असले तरच चालेल" अशी राइड मुळात निवडूच नका. आणि प्रवेशाला हातावर बांधतात ती कागदी पट्टी! आमचा मुलगा पहिल्या वेळी दिवसभर तीच ओढत होता. पुढच्या वेळी बाहीवरून बांधून घेतली.

राइड दोन मिनिटांची, रांग चाळीस मिनिटांची. खरी परीक्षा रांगेत. सुट्टीचा दिवस टाळा, आणि गेल्या गेल्या मदतकक्षात जाऊन मुलाबद्दल सांगा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्ट आहे, सांगायला संकोच करू नका.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचं सेसमी प्लेस २०१८ मध्ये ऑटिझमसाठी प्रमाणित झालेलं पहिलं थीम पार्क. तिथे प्रत्येक राइडला स्पर्श, आवाज, उजेड, वास असं वेगवेगळं मोजून १ ते १० आकडे दिलेले असतात. टेक्सासमध्ये २०१० पासून मॉर्गन्स वंडरलँड आहे, मुळात दिव्यांग मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं, त्यांना तिकीटही नाही. आपल्याकडे असे आकडे कोणी लिहून देईपर्यंत आपणच वहीत लिहायचे.

झोका | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

मफबद्दल एक भर. दिवसभर लावून ठेवू नका, गरज असेल तेव्हाच. सतत शांततेत राहिलं की साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. पण जिथे खरोखर कर्कश आहे तिथे जरूर लावा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. यात्रेतला भोंगा त्याच्या कितीतरी वर असतो. तिथे छोटूचे कान बरोबर सांगत होते.

मेहरुणकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ११:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. गप्पगप्प, "गाडी लांबून येताना दिसते" हे वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्याला हाक मारली की तो रडत नाही. त्यांना हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

वही केली. गोल खुर्ची: दीड फेऱ्यात उतरला. लिफ्ट: वर चालते, खाली निघताना माझा ओढणीचा काठ धरतो. जड गोधडी: आवडते, वर आणखी एक मागतो. रिक्षा खड्ड्यात: हसतो. यावरून आम्ही गोल आणि पडणारं सगळं बाजूला ठेवलंय. आकाशपाळण्याबद्दल ठरत नाहीये. तो गोलच जातो ना?

झोका | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

चाक गोल फिरतं, पण पाळणी सरळच राहते, डोकं गरगरत नाही. त्याला जाणवेल ते वर जाणं आणि खाली येणं. खाली येणं हळू असेल तर चालू शकतं, पण लिफ्टचं जे लिहिलंत त्यावरून मी घाई करणार नाही. त्याला बघू द्या, मग तो सांगेल.

मेहरुणकाठ | ८ डिसेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढते. सारंगखेड्याला जाऊन आलो.

सकाळी घोडे. एका पांढऱ्या घोड्याच्या मानेवर त्याने हात ठेवला आणि काढलाच नाही. मालक भला माणूस, थांबला. दुपारी सव्वातीनला पाळण्यांकडे. आम्ही आकाशपाळण्यापासून वीसेक पावलांवर सतरंजी टाकली आणि बसलो. छोटू पाळण्या मोजत होता. पन्नास मिनिटं. भावाची मुलं दोनदा बसून आली, भजी खाऊन झाली. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होते.

मग तो उठला आणि आकाशपाळणा सोडून पलीकडच्या होडीकडे गेला. झोक्यासारखी पुढे-मागे जाणारी, छोटी. मी ती यादीतच धरली नव्हती, मला ती भयानक वाटते. चालवणाऱ्या दादांना सगळं सांगितलं, त्यांनी गाणं बंद केलं. मधल्या बाकावर बसवा, टोकाला झोका मोठा असतो, हे त्यांनीच सुचवलं. खूण ठरली. मी शेजारी, त्याच्या मांडीवर माझा हात दाबून. तिसऱ्या झोक्याला तो "छुक" म्हणाला. सहाव्या-सातव्याला "पुरे" म्हणाला. स्पष्ट, मोठ्याने. मी हात वर केले आणि होडी थांबायला लागली.

उतरल्यावर त्याने एकदा मागे वळून बघितलं, की ती खरंच थांबली का.

आकाशपाळण्यात बसला नाही. रात्री नीट जेवला, नीट झोपला.

गप्पगप्प | ८ डिसेंबर, रात्री १०:५१

तो "पुरे" म्हणाला आणि ती थांबली. मी हे परत परत वाचतोय.

पांझराकाठ | ९ डिसेंबर, सकाळी ७:३०

ताई, खोपोलीचं काय ठरलं? आणि वहीत रकाने कोणते केलेत ते लिहाल का? आम्हाला मुलीसाठी तशीच करायची आहे.

मेहरुणकाठ | ९ डिसेंबर, दुपारी १:१५

खोपोलीला जानेवारीत, मंगळवारी जायचं ठरलं. जाऊबाई दोन दिवस आधी घरी बोलावतायत. त्यांनी स्वतः हा धागा वाचला आणि "एक मोठं माणूस फक्त छोटूसोबत राहील, आळीपाळीने," असं त्याच म्हणाल्या. त्याने एकच राइड केली तरी चालेल, हे त्यांच्या मुलांनाही आत्ताच सांगून ठेवलंय.

रकाने असे. हालचाल कशी (पुढे-मागे, गोल, वर-खाली). आवाज कुठून येतो. पुढचं दिसतं का. अंगाला काय लागतं. रांग कुठून जाते. कोणाला खूण करायची. त्यानंतर चार तासांनी कसा होता, हा रकाना तुमच्या प्रतिसादावरून घातला. आणि सगळ्यांत शेवटी एक: "पुरे" कोण म्हणालं, मी की तो.